विकेंद्रित सोशल मीडिया ॲपमध्ये वापरकर्त्याच्या हाती काय द्यावे आणि त्याच्या वाटेतून काय दूर करावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मराठी वाचक-लेखकांसाठी ॲक्टिव्हिटीपब या प्रोटोकॉलवर (वेगवेगळ्या लोकांनी चालवलेले सर्व्हर ज्या नियमांनी एकमेकांशी बोलतात त्यावर) चालणारे एक ॲप तुमचा लहान गट तयार करत आहे, चाचणीला बसलेली बरीच माणसे सर्व्हर निवडायला सांगणाऱ्या पडद्यावरच अडतात, आणि सगळे पर्याय लपवले तर मग हे ॲप एखाद्या कंपनीच्या नेहमीच्या ॲपपेक्षा वेगळे कशात राहिले, अशी शंका गटातल्याच काहींनी घेतली आहे. फेडिव्हर्ससाठीच्या, म्हणजे अशा जोडलेल्या सर्व्हरांच्या जाळ्यासाठीच्या, ॲप्सच्या रचनेचे काम करताना हा वाद मी अनेकदा ऐकला आहे, आणि तो बहुतेक वेळा चुकीच्या जागी अडकतो. एक बाजू म्हणते की पर्याय कमी केले तर स्वातंत्र्य गेले. दुसरी म्हणते की पर्याय ठेवले तर माणसे गेली. दोघेही पर्यायांची संख्या मोजत असतात.

माझे मत असे आहे की संख्येऐवजी प्रत्येक निर्णयाबाबत एकच गोष्ट तपासावी: तो पुढे बदलता येतो का, आणि बदलताना वापरकर्त्याला काय गमवावे लागते. जो निर्णय नुकसान न होता फिरवता येतो, तो ॲपने वापरकर्त्याच्या वतीने खुशाल घेऊन टाकावा आणि पुढे त्याची गरज पडेल तिथे तो समोर आणावा. जो फिरवता येत नाही, तिथे वापरकर्त्याला थांबवावे, साध्या शब्दांत परिणाम सांगावा आणि मगच पुढे जाऊ द्यावे, मग त्यासाठी एक पडदा वाढला तरी चालेल. आणि जे निर्णय आज फिरवता येत नाहीत, त्यांतले जास्तीत जास्त फिरवता येण्याजोगे करणे हे तुमच्या अभियंत्यांचे खरे काम आहे. ते झाले की रचनाकाराचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

सर्व्हरच्या निवडीपासून सुरुवात करतो. ॲक्टिव्हिटीपबवर चालणारे, ट्विटरसारखे मॅस्टोडॉन २०१६ मध्ये सुरू झाले आणि पुढची कित्येक वर्षे नव्या माणसापुढे आधी सर्व्हरांची लांबलचक यादीच येत असे. भारतातल्या पुष्कळ लोकांनी ती यादी पहिल्यांदा पाहिली ती नोव्हेंबर २०१९ मध्ये. सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते निलंबित झाल्याच्या निषेधार्थ अनेक जण मॅस्टोडॉनकडे वळले, आणि त्यांतले बरेच जण फार काळ तिथे टिकले नाहीत. ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस एलॉन मस्क यांनी ट्विटर ताब्यात घेतल्यावर हेच दृश्य जगभर, खूप मोठ्या प्रमाणावर दिसले. अखेर मे २०२३ मध्ये मॅस्टोडॉनने आपल्या अधिकृत ॲपमध्ये बदल केला: मॅस्टोडॉन डॉट सोशल या त्यांच्याच सर्व्हरवर एका बटणात खाते उघडता येऊ लागले, आणि दुसरा सर्व्हर हवा असणाऱ्यांसाठी त्याखाली वेगळे बटण ठेवले गेले.

या बदलावर जुन्या वापरकर्त्यांनी टीका केली. सगळे जण एकाच सर्व्हरवर जमले तर विकेंद्रीकरणाला अर्थ काय, हा त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. तरीही मला तो बदल योग्य वाटतो. नव्या माणसाला त्या क्षणी कोणत्याच सर्व्हरबद्दल काही ठाऊक नसते. कोणता ॲडमिन रात्री तक्रार आली तर पाहतो, कोणत्या सर्व्हरचा खर्च वर्षभर भागेल इतक्या देणग्या येतात, कोणत्या सर्व्हरने इतर कोणाला अडवून ठेवले आहे, हे सारे तिथे काही आठवडे राहिल्यावर कळते. काहीच माहीत नसताना मागितलेली निवड वापरकर्त्याला अधिकार देत नाही; ती फक्त जबाबदारी त्याच्या गळ्यात घालते, आणि पुढे काही बिघडले की ‘तूच तर निवडले होतेस’ असे म्हणायची सोय करून ठेवते.

म्हणून तुमच्या ॲपमध्ये सर्व्हर आधीच ठरलेला असू द्या. मात्र तो लपवू नका. ब्लूस्काय या वेगळ्या प्रोटोकॉलवरच्या विकेंद्रित सोशल मीडियाच्या नोंदणी अर्जात खाते कोणाकडे ठेवले जाणार हे एका ओळीत लिहिलेले असते आणि बाजूला बदल करण्याचे छोटे चिन्ह असते. ज्याला त्यात रस नाही तो न थांबता पुढे जातो, ज्याला आहे त्याला ते तिथेच सापडते. तुमच्या अर्जातही ‘तुमचे खाते अमुक सर्व्हरवर राहील, ते पुढे कधीही हलवता येईल’ एवढे वाक्य पुरेसे आहे. त्या वाक्याचा उत्तरार्ध खरा असला पाहिजे, आणि अवघड काम तिथूनच पुढे सुरू होते.

त्याआधी एक व्यावहारिक इशारा. आपल्याच सर्व्हरवर सर्वांना घेणे म्हणजे माहिती-तंत्रज्ञान नियम, २०२१ नुसार तुम्ही मध्यस्थ होता. तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क जाहीर करणे, आलेल्या तक्रारी मुदतीत निकाली काढणे ही कामे तुमच्याकडे येतात. तुमच्या गटातल्या मॉडरेटरांना झेपेल इतकीच खाती घ्या आणि ती मर्यादा आली की नव्या माणसांना एखाद्या मित्रसर्व्हरकडे वळवा. आपोआप मिळणारा सर्व्हर एकच राहिला तर बहुतेक माणसे कायम तिथेच राहतात. ब्लूस्कायने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्वतःचा सर्व्हर चालवण्याची मुभा सर्वांना दिली, तरी त्यांची बहुसंख्य खाती आजही कंपनीच्याच सर्व्हरांवर आहेत.

आता खाते हलवण्याबद्दल. मॅस्टोडॉनमध्ये ही सोय आहे, पण तिची घडण नीट पाहण्यासारखी आहे. नव्या सर्व्हरवर खाते उघडायचे, तिथल्या सेटिंगमध्ये जुन्या खात्याचा पत्ता नोंदवायचा, मग जुन्या खात्यात जाऊन पासवर्ड देऊन स्थलांतर सुरू करायचे. फॉलोअर आपोआप नव्या खात्याकडे वळतात. तुम्ही ज्यांना फॉलो करता आणि ज्यांना ब्लॉक किंवा म्यूट केले आहे, त्यांच्या याद्या सीएसव्ही फाइलमध्ये उतरवून घ्याव्या लागतात आणि नव्या ठिकाणी चढवाव्या लागतात. जुन्या पोस्ट जुन्या जागीच राहतात. एकदा हलल्यावर पुन्हा हलण्याआधी तीस दिवस थांबावे लागते. आणि हे सर्व जुना सर्व्हर जिवंत असेल तरच शक्य आहे.

ती शेवटची अट किती महाग पडू शकते ते फेब्रुवारी २०२४ मध्ये दिसले. क्वीर डॉट एएफ या नावाचा एक मॅस्टोडॉन सर्व्हर अफगाणिस्तानच्या डोमेनवर चालत होता. तालिबानच्या ताब्यातल्या नोंदणी व्यवस्थेने ते डोमेन निलंबित केले. सर्व्हरचे यंत्र शाबूत होते, चालवणारी माणसे शाबूत होती, पण ॲक्टिव्हिटीपबमध्ये माणसाची ओळख त्या डोमेनलाच बांधलेली असल्यामुळे जुन्या पत्त्यावरून ‘मी आता इकडे आहे’ असे सांगण्याचा मार्गच उरला नाही. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत नाव हवे असलेल्या सर्व्हरांना २०१९ पासून एक करार पाळावा लागतो, ज्यात रोजचा बॅकअप, आणीबाणीत सर्व्हर हाताळू शकणारी आणखी किमान एक व्यक्ती, आणि बंद करण्याआधी तीन महिन्यांची सूचना ही वचने आहेत. करार चांगला आहे. पण अशा प्रसंगात ॲडमिनलाच सूचना मिळत नाही, तो ती पुढे कशी देणार?

इथे ॲपला करता येण्याजोगी एक साधी गोष्ट आहे, आणि ती फार कमी ॲप्स करतात. वापरकर्त्याने कोणाला फॉलो केले आहे, कोणाला ब्लॉक केले आहे, त्याच्या स्वतःच्या पोस्ट कोणत्या, ही सर्व माहिती वापरादरम्यान ॲपच्या हातून जातच असते. ती ठरावीक काळाने फोनवर फाइल म्हणून जपून ठेवा, आणि वापरकर्त्याने परवानगी दिली तर त्याच्या क्लाउड साठवणीतही. यासाठी त्याला ‘एक्स्पोर्ट’ हे पान शोधायला लावू नका. मॅस्टोडॉनवर संपूर्ण संग्रह सात दिवसांतून एकदाच मागता येतो, आणि सर्व्हर कोसळण्याच्या आदल्या रात्री तो मागण्याचे कोणाच्या मनात येणार आहे? सर्व्हर गेला तर या याद्यांमुळे फॉलोअर परत येणार नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे; पण ज्यांना आपण फॉलो करतो त्यांच्यापर्यंत नव्या खात्यावरून पुन्हा पोहोचता येईल, आणि त्यांतले पुष्कळ जण आपल्याला पुन्हा फॉलो करतील. मराठीतही लिहिता येत असलेले ‘कू’ जुलै २०२४ मध्ये बंद झाल्याची घोषणा झाली, तेव्हा तिथे जमलेल्या लोकांना एकत्र दुसरीकडे नेण्याची कोणतीही वाट नव्हती. तुमचे ॲप वेगळे कशात, या तुमच्या सहकाऱ्यांच्या शंकेचे पहिले उत्तर ही फोनवरची फाइल आहे.

दुसरे उत्तर प्रोटोकॉलच्या पातळीवर आहे. ब्लूस्कायच्या एटी प्रोटोकॉलमध्ये माणसाची कायमची ओळख, त्याचे दिसणारे नाव आणि त्याच्या पोस्ट ठेवणारा सर्व्हर या तीन गोष्टी एकमेकींपासून सोडवून ठेवल्या आहेत. मोबाइल नंबर पोर्ट केला की कंपनी बदलते आणि नंबर तोच राहतो, तसे हे आहे: सर्व्हर बदलला तरी फॉलोअर आणि पोस्ट सोबत येतात. ॲक्टिव्हिटीपब निवडल्यामुळे तुम्हाला ही सोय आयती मिळणार नाही, आणि म्हणूनच तुमच्याकडे सर्व्हरचा निर्णय ब्लूस्कायपेक्षा थोडा जड आहे. शक्य असेल तर वाचक-लेखकांच्या संस्थेचे स्वतःचे डोमेन घ्या, त्याची मुदत संपू देऊ नका, आणि ते एका व्यक्तीच्या नावावर ठेवू नका.

आता ज्या गोष्टींत अधिकाराचा प्रश्नच नाही त्यांच्याकडे वळतो, कारण तुमच्या चाचणीतल्या अडचणींपैकी बऱ्याच याच प्रकारच्या असाव्यात असा माझा अंदाज आहे. समजा, एखाद्या कवितेच्या पोस्टचा दुवा कोणीतरी व्हॉट्सॲपच्या गटात टाकला. वाचणाऱ्याने तो दाबला की फोनमधला ब्राउझर उघडतो, तिथे त्याने लॉगिन केलेले नसते, आणि पोस्ट ज्या सर्व्हरवर आहे तो त्याचा सर्व्हर नसतो. ‘फॉलो’ दाबले की पडदा विचारतो, तुमचा सर्व्हर कोणता. तो आठवून लिहायचा, किंवा पोस्टचा पत्ता कॉपी करून आपल्या ॲपच्या शोधपट्टीत चिकटवायचा, आणि मग ती पोस्ट आपल्या बाजूला उघडायची. इतके सारे करून जे साधते ते म्हणजे एका कवीला फॉलो करणे. यातल्या एकाही पायरीवर वापरकर्त्याचा कोणताही अधिकार वाढत नाही. प्रोटोकॉलच्या आतली यंत्रणा तेवढी त्याच्या अंगावर येते. असे दुवे ॲपने ओळखावेत, मागच्या मागे आपल्या सर्व्हरवर शोधावेत आणि तीच पोस्ट आपल्या खात्यातून उघडून द्यावी.

उत्तरांच्या साखळीचेही तसेच. एखाद्या पोस्टखाली मूळ सर्व्हरवर वीस उत्तरे असतात आणि आपल्या सर्व्हरवर चारच दिसतात, कारण बाकीची आपल्या सर्व्हरपर्यंत कधी पोहोचलेलीच नसतात. मॅस्टोडॉनने २०२५ मध्ये अशी राहिलेली उत्तरे मागवून घेण्याची सोय आणली; तुमच्या सर्व्हरवर ती चालू ठेवा. अन्यथा एखाद्या चर्चेत पाच जणांनी आधीच दिलेली दुरुस्ती सहावा माणूस पुन्हा देतो, लेखक वैतागतो, आणि दोष माणसांच्या स्वभावाला दिला जातो. अशा ठिकाणी सोपेपणासाठी काहीही मोजावे लागत नाही, फक्त श्रम लागतात, आणि ते वापरकर्त्याऐवजी तुम्ही घ्यायचे आहेत.

ओळखीच्या किल्लीचा प्रश्न तुमच्या आजच्या आराखड्यात नसला तरी तुमचे दोन सहकारी नॉस्टर या तिसऱ्या विकेंद्रित प्रोटोकॉलकडे जाण्याचा आग्रह धरतात असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. नॉस्टरमध्ये सर्व्हरवरचे खाते ही कल्पनाच नाही. फोनवर किल्ल्यांची, म्हणजे लांबलचक सांकेतिक अक्षरमालांची, एक जोडी तयार होते. सार्वजनिक किल्ली म्हणजे तुमचा पत्ता, गुप्त किल्ली म्हणजे तुम्ही. ईमेल नको, मोबाइल नंबर नको, परवानगी नको. नोंदणी इतकी सोपी दुसरीकडे कुठेच नाही, आणि ताबाही इतका पूर्ण कुठेच नाही. पण ती गुप्त किल्ली हरवली तर ‘पासवर्ड विसरलात?’ असा दुवा नसतो. आणि ती दुसऱ्याच्या हाती पडली तर तो माणूस कायमचा तुमच्या नावाने बोलू शकतो. नव्या ॲपमध्ये आपली ओळख घेऊन जायची म्हणून लोक ती त्रेसष्ट अक्षरांची किल्ली वाटेल त्या संकेतस्थळाच्या चौकटीत चिकटवतात. सोपी नोंदणी आणि न फिरवता येणारा परिणाम यांची ही जोडी मला सर्वांत धोक्याची वाटते, कारण धोका जाणवेल असा एकही क्षण वाटेत येत नाही.

एटी प्रोटोकॉलने इथे निवडलेली वाट मला अधिक विचारपूर्वक वाटते. सुरुवातीला ओळखीच्या किल्ल्या सर्व्हर सांभाळतो, त्यामुळे नवा माणूस नेहमीसारखा ईमेल आणि पासवर्ड देऊन आत येतो. पण ज्याला हवे असेल त्याला स्वतःची, सर्व्हरच्या किल्लीहून वरच्या दर्जाची किल्ली ओळखीला जोडता येते. मग सर्व्हरने किंवा सर्व्हर फोडणाऱ्याने ती ओळख पळवली, तर वरच्या किल्लीचा मालक बहात्तर तासांच्या आत तो बदल रद्द करू शकतो. किल्लीचा निर्णय पहिल्या मिनिटाला न मागता, माणसाने तिथे काही लिहिले आहे, काही नाती जोडली आहेत, गमावण्यासारखे काही साठले आहे, अशा वेळी मागता येतो. दुर्दैवाने ही वरची किल्ली जोडण्याची वाट आजही सामान्य माणसाला सहज चालता येईल अशी नाही. म्हणजे अधिकार कागदोपत्री आहे, व्यवहारात तो तंत्रज्ञांपुरता राहिला आहे. तुम्ही उद्या त्या बाजूला गेलात तर सर्वांत मोलाचे काम तेच असेल. आणि नॉस्टरच धरलेत, तर किल्ली वेगळ्या सही करणाऱ्या ॲपमध्ये ठेवण्याच्या ज्या पद्धती आता रूढ होत आहेत त्या पहिल्या दिवसापासून वापरा. तुमच्या कोणत्याही पडद्यावर गुप्त किल्ली चिकटवण्यासाठी रिकामी चौकट ठेवू नका.

फीडच्या बाबतीत मी कमी लिहीन, कारण तिथले जवळपास सगळे निर्णय फिरवता येतात आणि म्हणून तिथे ॲपने मोकळेपणाने सुरुवात करून द्यावी. नवे खाते उघडल्यावर दिसणारा रिकामा पडदा माणसे घालवतो. ब्लूस्कायने जून २०२४ मध्ये आणलेले स्टार्टर पॅक या दुखण्यावर नेमके औषध ठरले: एका दुव्यात दीडशेपर्यंत खाती आणि तीनपर्यंत फीड सुचवता येतात, आणि तो दुवा कोणीही बनवू शकतो. मराठी विज्ञानलेखक, बालसाहित्यातले लोक, मोडी लिपी वाचणारे, खगोलाचे हौशी निरीक्षक, अशा याद्या तुमच्याच समाजातून तयार होऊ द्या. फक्त यादीत नाव असलेल्याला ते काढून घेता आले पाहिजे.

मराठीसाठी मात्र एक खास अडचण आहे आणि ती सेटिंगमध्ये दडलेली असल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. मॅस्टोडॉन आणि ब्लूस्काय या दोन्ही ठिकाणी प्रत्येक पोस्टला भाषेची खूण असते आणि वाचणाऱ्याला ठरावीक भाषांच्याच पोस्ट पाहण्याची निवड करता येते. आपल्याकडे बहुतेकांच्या फोनची भाषा इंग्रजी असते, त्यामुळे मराठी मजकुरावर अनेकदा इंग्रजीची खूण लागते. आणि मजकुरावरून भाषा ओळखू गेल्यास लिपी एकच असल्यामुळे छोटी मराठी पोस्ट हिंदी म्हणून नोंदली जाऊ शकते. परिणामी ज्याने फक्त मराठी वाचण्याची निवड केली आहे, त्यालाच ती पोस्ट दिसत नाही. हा निर्णय पोस्टगणिक बदलता येणारा आहे, पण ज्याचे अस्तित्वच माहीत नाही तो कोण बदलणार? तुमचे ॲप मराठी समाजासाठी आहे, तेव्हा सुरुवातीची खूण मराठी ठेवा, आणि लिहिण्याच्या चौकटीखाली ‘मराठी’ हा शब्द कायम दिसू द्या, म्हणजे हिंदी किंवा इंग्रजी लिहिणारा एका स्पर्शात तो बदलू शकेल.

त्रास देणाऱ्यांपासून संरक्षण हा भाग असा आहे की तिथे जास्त नियंत्रण खरोखरच द्यावे लागते, विशेषतः स्त्रियांना आणि ज्यांच्यावर टोळीने तुटून पडले जाते त्यांना. मॅस्टोडॉनच्या ४.३ या ऑक्टोबर २०२४ च्या आवृत्तीतली सूचनांची व्यवस्था मला आजवर पाहिलेल्यांत सर्वांत चांगली वाटते. आपण फॉलो करत नाही अशा लोकांकडून, आपल्याला फॉलो न करणाऱ्यांकडून, गेल्या तीस दिवसांत उघडलेल्या खात्यांकडून, न मागता आलेल्या खासगी उल्लेखांतून येणाऱ्या सूचना स्वीकारायच्या, वेगळ्या कप्प्यात ठेवायच्या की दुर्लक्षित करायच्या, हे तिथे ठरवता येते. वेगळ्या कप्प्याचा पर्याय महत्त्वाचा आहे: काहीही नष्ट होत नाही, हवे तेव्हा उघडून पाहता येते, म्हणून माणूस तो न घाबरता वापरतो. मी तुमच्या जागी असतो तर अगदी नव्या खात्यांसाठी हा कप्पा सुरुवातीपासून चालू ठेवला असता, आणि एखाद्या पोस्टवर अनोळखी माणसांची गर्दी होताना दिसली की तिथेच विचारले असते, ‘अनोळखी लोकांच्या सूचना काही काळ बाजूला ठेवू का?’ सेटिंगच्या पानावरचा पर्याय त्या घटकेला कोणाला सुचत नाही. मॅस्टोडॉनने कित्येक वर्षे नाकारलेली अवतरण-पोस्टची (दुसऱ्याची पोस्ट आपल्या पोस्टमध्ये घेऊन त्यावर लिहिण्याची) सोय २०२५ मध्ये दिली तीही याच विचाराने दिली: आपली पोस्ट कोणी अवतरणात घ्यावी हे लेखक ठरवतो, आणि घेतल्यानंतरही ती तिथून काढून घेऊ शकतो.

त्याच ४.३ आवृत्तीत आणखी एक गोष्ट आली, जिची चर्चा फार झाली नाही. तुमच्या सर्व्हरच्या ॲडमिनने दुसऱ्या एखाद्या सर्व्हरशी संबंध तोडला, आणि त्यामुळे तुमचे काही फॉलोअर किंवा तुम्ही फॉलो करत असलेली माणसे गेली, तर आता तशी सूचना मिळते आणि तुटलेल्या नात्यांची यादी उतरवून घेता येते. पूर्वी ती माणसे नुसती नाहीशी व्हायची. तुमच्या ॲपने ही सूचना ठळक दाखवावी अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ॲडमिनचा निर्णय बरोबर असेलही. पण तो माहीत झाल्याशिवाय वापरकर्त्याला राहायचे की जायचे हे ठरवता येत नाही.

आता ज्या ठिकाणी सोपेपणा टाळलाच पाहिजे त्या ठिकाणाबद्दल. मॅस्टोडॉनवरची खासगी उल्लेखाची पोस्ट दिसायला संदेशासारखी असते, पण ती फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाच वाचता येईल अशी कुलूपबंद (एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड) नसते. संबंधित सर्व्हर चालवणाऱ्यांना ती तांत्रिकदृष्ट्या वाचता येते. शिवाय तिच्यात तिसऱ्या माणसाचे पूर्ण हँडल (खात्याचा पत्ता) लिहिले की ती त्यालाही पोहोचते. समजा, एखादी लेखिका आपल्या मैत्रिणीला एका संपादकाबद्दल तक्रार लिहिते आहे आणि ओघात त्या संपादकाचे हँडल टाकते: तिची तक्रार त्याच्याच हाती पडेल. व्हॉट्सॲपची सवय असलेल्या माणसाला हे कधीही सुचणार नाही. तुमचे ॲप या पडद्याला नीटनेटक्या चॅटचे रूप देऊ शकेल आणि ते फार सुंदर दिसेल, पण त्या रूपातून चुकीचे आश्वासन जाईल. त्याऐवजी पाठवण्याच्या बटणावर ‘हे वाचणार’ असे लिहून पुढे नावे दाखवा, आणि लिहिता लिहिता नवे हँडल आले की ते नाव त्या यादीत वेगळ्या रंगात येऊ द्या. पाठवलेले परत घेता येत नाही, म्हणून इथे एक क्षण खर्च करणे योग्य आहे.

पुसण्याचेही असेच आहे. पोस्ट पुसली की तुमचा सर्व्हर इतर सर्व्हरांना तसा निरोप पाठवतो, आणि बहुतेक जण तो पाळतातही, पण पाळण्याची सक्ती करता येत नाही. नॉस्टरमध्ये तर पुसणे ही रिलेंना (पोस्ट साठवून पुढे देणाऱ्या सर्व्हरांना) केलेली विनंतीच असते. ब्लूस्कायवर कोणी कोणाला ब्लॉक केले हे सार्वजनिक असते, आणि छळाला कंटाळून ब्लॉक करणाऱ्या व्यक्तीला ते आधी माहीत असायला हवे. पहिल्यांदा पुसताना एकदाच, दोन ओळींत, ‘आमच्या सर्व्हरवरून ही पोस्ट गेली आहे, इतर सर्व्हरांनाही ती काढायला सांगितले आहे, पण तिच्या प्रती कुठे राहणार नाहीत अशी खात्री देता येत नाही’ असे सांगा. चाचणीत काही जण हे वाचून थबकतील आणि तुमचे आकडे थोडे खाली येतील. ते आकडे तसेच राहू द्या.

चाचणीबद्दल शेवटची सूचना. नोंदणी किती जणांनी पूर्ण केली एवढेच मोजू नका. काही आठवडे ॲप वापरलेल्या लोकांना बोलवा, त्यांत पन्नाशी-साठीतली, फोन मुलांकडून शिकलेली माणसेही असू द्या, आणि कोणतीही मदत न करता त्यांना तीन कामे सांगा: तुमचे खाते दुसऱ्या सर्व्हरवर न्या, ही पोस्ट अवतरणात कोण घेऊ शकते ते बदला, आणि समजा हा सर्व्हर आत्ता बंद पडला, तर तुमच्याजवळ काय उरते ते दाखवा. पहिले काम बहुतेकांना जड जाईल, आणि ज्या पायरीवर ते अडतील ती पायरी पुढच्या आवृत्तीत तुमच्या यादीत सर्वांत वर असावी. सर्व्हर निवडण्याच्या पडद्यावर पुन्हा हात फिरवण्याआधी ती पूर्ण करा. तिसऱ्या कामात त्यांनी फोनवरची याद्यांची फाइल स्वतः उघडून दाखवली, तर तुमच्या सहकाऱ्यांना तो पडदा जरूर पाहू द्या.